रुग्णालयांची आपत्ती-सज्जता (बेळगाव सीमाभाग)

साथ, महापूर किंवा मोठा अपघात झाला की रुग्णांची एकदम रीघ लागते. ती पेलण्यासाठी रुग्णालयाने आधीच करून ठेवलेली तयारी म्हणजे आपत्ती-सज्जता. चर्चा खाटांची होते, अडते मात्र प्राणवायू, मनुष्यबळ आणि रस्ता यांवर.

बेळगावला साथी नव्या नाहीत. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोत एके काळी देवीची लस तयार होत असे. आज तिथे सकाळी फिरायला जाणाऱ्यांपैकी किती जणांना नावामागची देवी आठवत असेल, कोण जाणे.

जिल्ह्यातला मोठा भार बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले रुग्णालय (लोकांचे ‘सिव्हिल’) आणि केएलई संस्थेचे डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय यांच्यावर पडतो. मात्र अथणी-रायबागकडचे अनेक रुग्ण मिरज गाठतात, निपाणीचे कोल्हापूर. आराखडे राज्याच्या हद्दीपाशी थांबतात, रुग्ण थांबत नाहीत. इथली मेख हीच. २०२१ मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्यांचा कोरोनाचा आरटीपीसीआर अहवाल सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर तपासला जाई. त्याच जुलैत यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि निपाणीहून कोल्हापूरची सरळ वाट तुटली. उरले बेळगाव, जवळपास दुप्पट लांब.

अशा वेळी सिलिंडरचा हिशेब बदलतो. एका जम्बो सिलिंडरात सुमारे ७,००० लिटर प्राणवायू असतो. मिनिटाला १० लिटर लागणाऱ्या रुग्णाला तो साडेअकरा तास पुरतो. हाय-फ्लो यंत्रावर ६० लिटर जाऊ लागले तर दोन तासही नाही. म्हणून तालुका रुग्णालयाने सिलिंडर मोजण्याआधी ते भरून आणणारी गाडी कोणत्या रस्त्याने, किती वेळात परत येते हे पाहावे. हवेतून प्राणवायू काढणारा प्लांट असला तरी तो विजेवर चालतो. जनरेटर तळमजल्यावर असेल तर पुरात तोही गेला.

मोठ्या अपघातात जखमींची लाल, पिवळी, हिरवी, काळी अशी प्रतवारी करतात; लाल म्हणजे उपचार सर्वांत आधी. ‘स्टार्ट’ या प्रचलित पद्धतीत श्वास आणि नाडी पाहून झाल्यावर जखमीला एखादी साधी सूचना देतात. ती पाळता आली नाही, तर लाल पट्टी. आता खानापूरच्या रानातल्या वाडीवरची, कन्नड न येणारी आजी स्ट्रेचरवर आहे आणि नर्स सांगते, ‘कै हिडीरी.’ आजी शुद्धीवर आहे, पण हात धरत नाही. तिला लाल पट्टी लागते आणि खऱ्या लाल रुग्णाची पाळी मागे पडते. ‘आजी, माझा हात धरा’ एवढे म्हणू शकणारा एक तरी माणूस प्रत्येक पाळीत दारापाशी हवा. कर्मचाऱ्यांची ड्यूटी लावताना हे सहज जमते, खर्चही नाही.