अनामिकेचं बंड

उजवा हात टेबलावर पालथा ठेवा. मधलं बोट आत दुमडा, इतकं की त्याचं मधलं पेर टेबलाला टेकलं पाहिजे. बाकीची बोटं सरळ पसरलेली. आता अंगठा उचलून बघा. उचलला जातो. तर्जनीही उचलली जाते. करंगळीसुद्धा थोडीफार. आता अनामिका उचला.

नाही ना उचलत? फार जोर लावला तर मनगट उगाच वर येतं, पण बोट टेबलाला डिंकानं चिकटवल्यासारखं जागच्या जागी.

हाताची पाचही बोटं सारखी नसतात हे आपण म्हणतो ते माणसांबद्दल. पाश्चात्त्य अभिजात संगीत वाजवणाऱ्या पियानोवादकाला ते खुद्द बोटांबद्दलच रोज सकाळी नव्यानं कळतं. पाच असमान बोटांतून समान सूर काढणं हा त्याचा धंदा आहे.

ही असमानता येते कुठून? बोटाला वाकवणारे किंवा उचलणारे स्नायू मुळी बोटात नसतातच. बोट म्हणजे हाडं, सांधे, कातडी आणि दोऱ्या. हालचालीचे मोठे स्नायू असतात कोपर ते मनगट या भागात, आणि त्यांच्या लांबलचक कंडरा, म्हणजे याच त्या दोऱ्या, मनगटाखालून बोटांत शिरतात. हाताचा पंजा ही एक कळसूत्री बाहुली आहे, सूत्रधार कोपराजवळ बसलेला. (तळव्यात काही छोटे स्नायू आहेत, नाजूक कामं ते बघतात.) आता यात घरभेद असा, की तर्जनी आणि करंगळी यांना उचलायला प्रत्येकी एक जादा, स्वतःचा स्नायू मिळालेला आहे. मधलं बोट आणि अनामिका यांना तो नाही. शिवाय हाताच्या पाठीवर या कंडरा आडव्या पट्ट्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. मधलं बोट दुमडलं की त्याची कंडरा पुढे ओढली जाते आणि शेजारणीलाही धरून ठेवते.

हे झालं हाताचं. आता वाद्याकडे वळू.

आपल्याकडे पट्ट्यांचं वाद्य म्हटलं की पेटी आठवते. पेटीत बोट फक्त हवेला वाट करून देतं. आवाज लहान-मोठा करतो तो भाता, म्हणजे दुसरा हात. पियानोत भाता नाही. इथे सगळं बोटावर. पट्टी दाबली की आतली फेल्ट लावलेली हातोडी उडते आणि तारेवर आदळते. सन 1700 च्या सुमारास फ्लोरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिरानं ही यंत्रणा बसवली. तिच्यातली खरी करामत अशी, की तारेला लागण्याच्या जरासं आधी हातोडी पट्टीपासून सुटते आणि शेवटचं इवलंसं अंतर एकटी, फेकलेल्या दगडासारखी जाते. सुटली नाही, तर ती तारेवरच दाबून बसेल आणि आवाज घुसमटेल. पण याचा अर्थ असाही, की हातोडी सुटल्यावर वादकाच्या हातात काही उरत नाही. त्यानं ठरवायचं ते एवढंच, की हातोडी किती वेगानं सुटावी.

जेम्स जीन्स या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञानं यावरून पियानोवादकांना चांगलंच डिवचलं होतं. एकच सूर असेल आणि वेग तोच असेल, तर पट्टी थोर वादकाच्या बोटानं दाबली काय आणि छत्रीच्या टोकानं दाबली काय, फरक पडायचा नाही, असा त्याचा दावा. बोट पट्टीवर आपटल्याची बारीक टकटक सोडली, तर भौतिकशास्त्र त्याच्या बाजूनं आहे. पण संगीत एका सुराचं नसतं. दहा बोटांनी एकाच वेळी दहा वेगवेगळे वेग द्यायचे, आणि तेही पट्टीच्या जेमतेम एक सेंटिमीटर प्रवासात, हे छत्रीला जमणार नाही.

मोझार्टच्या काळी, म्हणजे अठराव्या शतकात, पट्ट्या हलक्या होत्या, हातोड्यांवर चामडं असे आणि सांगाडा लाकडी असे. मग सभागृहं वाढली, आवाज मोठा हवा झाला. एकोणिसाव्या शतकात ओतीव लोखंडाची चौकट आली, जाड तारा आल्या. आजच्या मोठ्या पियानोत 88 पट्ट्या आणि सुमारे 230 तारा असतात आणि त्यांचा एकूण ताण 18 ते 20 टनांच्या घरात जातो. पट्टी खाली जायला साधारण 50 ग्रॅम वजन लागतं. 50 ग्रॅम काहीच नाही असं वाटेल, पण हे झालं अगदी हळू दाबताना. जोरात वाजवताना जड हातोडीला एकदम वेग द्यायचा असतो, तेव्हा कितीतरी पट बळ लागतं. आणि एका मैफिलीत असे हजारो सूर.

पट्ट्यांची रुंदीही ठरून गेली. एक सप्तक म्हणजे सुमारे साडेसोळा सेंटिमीटर. हाताचा पसारा मात्र ठरलेला नसतो, आणि बायकांच्या हाताचा पसारा पुरुषांपेक्षा सरासरी इंचभर कमी भरतो. रहमानिनोव्ह या रशियन संगीतकार-वादकाचा पंजा अवाढव्य होता आणि त्यानं तशाच हातांसाठी लिहिलं. दुसरीकडे जोसेफ हॉफमन हा त्याच पिढीतला दिग्गज पियानोवादक. त्याचे हात लहान, म्हणून त्याच्यासाठी किंचित अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवून घेतले गेले. एवढा मान बाकीच्यांना कोण देणार? गायक आपला गळा सोबत नेतो, तबलजी तबला नेतो. पियानोवादक बहुतेक वेळा परगावी, परक्या पियानोसमोर बसतो आणि तासा-दोन तासांत त्याच्याशी जुळवून घेतो.

बोटं समान करायची की असमानच ठेवायची, यावर शोपाँ आणि शूमान या दोन थोर संगीतकारांची वाट वेगळी झाली. दोघांचा जन्म 1810 चा.

शोपाँचं शिकवण्याबद्दलचं एक अर्धवट टिपण आहे. प्रत्येक बोटाची घडण निराळी, तर त्याच्या स्पर्शाची खासियत मारू नका, ती वाढवा, असा त्याचा सूर. विद्यार्थ्याला तो पहिल्यांदा सरळ पांढऱ्या पट्ट्यांवर हात ठेवू देत नसे. आपल्या गायकांच्या भाषेत सांगायचं तर अंगठा पांढरी तीनवर, मग काळी तीन, काळी चार, काळी पाच, आणि करंगळी पांढरी सातवर. पेटी असेल तर ठेवून बघा. लांब बोटं उंच काळ्या पट्ट्यांवर, आखूड बोटं खालच्या पांढऱ्यांवर. पंजा आपोआप विसावतो.

शूमानला एवढा धीर नव्हता. लाइपझिगमध्ये कायद्याचं शिक्षण सोडून तो फ्रीडरिश वीक या शिक्षकाकडे पियानोला लागला तो जरा उशिराच, आणि कमी पडलेली वर्षं भरून काढायला त्यानं बोटं ताणणारं एक यंत्र वापरलं. बावीस वर्षांचा होईतो उजव्या हाताचं मधलं बोट त्याचं ऐकेनासं झालं. इलाज म्हणून नुकत्याच कापलेल्या जनावराच्या आतड्यांत हात बुडवून बसणं, हाही प्रकार त्यानं केला. वादक होण्याचा मार्ग बंद झाला आणि जगाला एक मोठा संगीतकार मिळाला. त्याची सुरावट वाजवत फिरली ती वीकची मुलगी, म्हणजे त्याची बायको क्लारा. 1830 पासून 1891 पर्यंत ती मैफिली करत राहिली, मध्ये आठ बाळंतपणं झाली. कारकीर्द म्हणून मला शूमानपेक्षा हीच जास्त थक्क करते.

शूमानचं बोट यंत्रानं बिघडलं, पाऱ्याच्या औषधानं, की आणखी कशानं, यावर बराच वाद झालाय. आज अनेक डॉक्टर तिसऱ्याच कारणाकडे बोट दाखवतात. ते समजायला आपल्याला सव्वाशेहून जास्त वर्षं पुढे यावं लागेल.

लिऑन फ्लायशर, पियानोवादक. जन्म 1928, सॅन फ्रान्सिस्को. नवव्या वर्षी आर्टुर श्नाबेलसारखा गुरू. सोळाव्या वर्षी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर पहिला कार्यक्रम. 1952 मध्ये ब्रसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकणारा पहिला अमेरिकन. मग संचालक जॉर्ज सेल आणि त्याच्या क्लीव्हलंड ऑर्केस्ट्राबरोबर बेथोव्हेन आणि ब्राम्सची ध्वनिमुद्रणं, जी आजही मापदंड मानली जातात. 1965 मध्ये या ऑर्केस्ट्राबरोबर सोव्हिएत संघाचा मोठा दौरा ठरला होता. त्याची तयारी चालू असताना उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी आत वळायला लागली. दुखत काहीच नव्हतं. सुरुवातीला जरासा आळस असावा तसं, मग हळूहळू दोन्ही बोटं तळव्यात गुंडाळली जायची. त्यानं यावर काय केलं असेल? जे कुठलाही मेहनती कलाकार करेल तेच. रियाझ वाढवला.

दौरा हुकला. वय छत्तीस.

या आजाराला फोकल डिस्टोनिया म्हणतात. शूमानच्या बोटासाठी डॉक्टर दाखवतात ते तिसरं कारण हेच. व्यावसायिक संगीतकारांत साधारण शंभरात एकाला तो होतो. स्नायू धडधाकट असतात, नसा शाबूत असतात. तोच हात शर्टाचं बटण लावतो, सही करतो. पियानोसमोर बसलं की मात्र बोट वळतं. कारकुनांचा पेन धरला की आखडणारा हात, हे याचंच भावंड.

बिघाड मेंदूत असतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यानं 1951 मध्ये एक साधी गोष्ट मांडली होती. वादकाची बोटं सेकंदाला सोळा फटक्यांपर्यंत जातात. एक बोट दाबलं गेल्याची खबर मेंदूला पोचून मग पुढच्याला हुकूम सुटायचा, तर एवढा वेळच नाही. म्हणजे अख्खी ओळ आधीच रचलेली असली पाहिजे. ‘हात बसला’ असं आपण म्हणतो तेव्हा हीच रचना बसलेली असते. मेंदूच्या पृष्ठभागावर हाताचा एक नकाशा असतो, त्यात प्रत्येक बोटाचं वेगळं शेत. लहानपणापासूनच्या रियाझानं ही शेतं वाढतात, कसदार होतात.

पण बांधांचं काय? डिस्टोनिया झालेल्या वादकांच्या मेंदूचं मोजमाप 1998 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांच्या नकाशात बोटांच्या जागा एकमेकींजवळ सरकलेल्या दिसल्या. त्याआधी 1996 मध्ये माकडांवर प्रयोग झाले होते. हातात धरायचा एक दांडा पुन्हा पुन्हा झपाट्यानं दाबायला शिकवल्यावर त्यांचा हात आखडला, आणि मेंदूतल्या ज्या पेशी हातावरच्या इवल्याशा जागेची दखल घेत, त्या आता अनेक बोटांना एकदम दाद देऊ लागल्या. दोन बोटं सतत, फार वेगानं, जवळजवळ एकाच क्षणी हलत राहिली, तर मेंदू त्यांना एकच बोट समजू लागतो. बांध फुटतो. मग हुकूम एकाला जातो आणि दुसरंही हलतं. सगळ्यांना तेवढाच रियाझ करून हे होत नाही. आनुवंशिकतेचा वाटा आहे, काळजीखोर आणि काटेकोर स्वभावाचाही आहे. जॅझवाल्यांपेक्षा अभिजात संगीतवाल्यांत याचं प्रमाण जास्त, कारण तिथे सूर लिहिलेला, वेग लिहिलेला, पळवाट नाही.

पियानोवादकांत उजवा हात जास्त सापडतो, आणि बहुधा अनामिका-करंगळी. मला यात आश्चर्य वाटत नाही. पियानोची चाल बहुतेकदा उजव्या हाताच्या सर्वांत वरच्या सुरात असते, म्हणजे ज्या बोटांना निसर्गानं सर्वांत कमी दिलं, त्यांच्यावर सर्वांत जास्त जबाबदारी. डाव्या हाताचं उलटं आहे. एकट्या डाव्या हातानं वाजवायचं तर वरची चाल अंगठ्याकडे येते आणि खर्ज करंगळीकडे जातो.

फ्लायशर तगला तो याच डाव्या हातावर, आणि त्याला एका युद्धाची मदत झाली. व्हिएन्नाचा पियानोवादक पाउल विट्गेनश्टाइन 1914 मध्ये पहिल्या महायुद्धात जखमी झाला, उजवा हात कापावा लागला. घर गर्भश्रीमंत. त्यानं त्या काळच्या मोठमोठ्या संगीतकारांकडून एका हाताच्या रचना लिहून घेतल्या. फ्रेंच संगीतकार राव्हेलचा डाव्या हाताचा कॉन्चेर्तो (एकटा वादक आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना) त्यानंच 1932 मध्ये व्हिएन्नात पहिल्यांदा वाजवला. प्रोकोफियेव्हनंही लिहून दिला, पण तो काही साहेबांना पटला नाही, वाजवलाच नाही. दोन्ही हात जागेवर असलेल्या फ्लायशरनं मग राव्हेल वाजवला, ऑर्केस्ट्रा चालवला आणि बाल्टिमोरच्या पीबडी संस्थेत पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी घडवले. अरोमाथेरपीपासून संमोहनापर्यंत उपाय मात्र चालूच होते.

हे सगळं बाहेर बोलायची सोय नव्हती. हात बिघडल्याची कुणकुण लागली की पुढची आमंत्रणं आटतात, म्हणून वादक गप्प राहत. 1981 मध्ये फ्लायशरचाच समवयस्क पियानोवादक गॅरी ग्राफमन यानं न्यूयॉर्क टाइम्समधून आपल्या उजव्या हाताची गोष्ट उघडपणे सांगितली, आणि त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे इतर वादकांची रीघ लागली. कलावंतांच्या शरीराचं वैद्यक ही शाखा अमेरिकेत जोमानं वाढली ती त्यानंतर. ग्राफमन पुढे फिलाडेल्फियाच्या कर्टिस या संगीत संस्थेचा संचालक झाला. लांग लांग आणि युजा वांग हे नामवंत पियानोवादक त्याचेच विद्यार्थी.

फ्लायशरला उतार पडला तो नव्वदच्या दशकात, बोट्युलिनम विषाच्या इंजेक्शनांनी आणि स्नायू सैल करणाऱ्या खोल मर्दनानं. हे विष नसेकडून स्नायूला जाणारा निरोप अडवतं. मेंदूतला बांध त्यानं दुरुस्त होत नाही; फक्त चुकीच्या हुकुमाची धार बोथट होते, तीही तीन-चार महिने. मात्रा कमी पडली तर बोट वळतं, जास्त झाली तर लुळं पडतं. बरा झालो, असं फ्लायशर कधी म्हणाला नाही.

2004 मध्ये त्याचं दोन्ही हातांनी वाजवलेलं नवं ध्वनिमुद्रण आलं, जवळपास चाळीस वर्षांनी. त्यात शूबर्टचा शेवटचा सोनाटा, म्हणजे एकट्या पियानोसाठीची मोठी रचना, आहे. सुरुवात अगदी दबक्या आवाजात. थोड्याच वेळात खाली खर्जात एक घरघरता, थरथरता सूर येतो, तो डाव्या हाताचा. उजव्या हातात संथ सुरावट, एकावर एक रचलेल्या सुरांची, आणि ऐकू यायला हवा तो त्यातला सर्वांत वरचा सूर, करंगळी आणि अनामिकेचा.