कर्णशोथ : घरगुती व चिठ्ठीविना उपचार

कान ठणकू लागल्यावर डॉक्टरांकडे जाण्याआधी, किंवा त्यांच्या उपचारासोबत, घरी केले जाणारे शेक, कानात घालायचे थेंब, पोटात घ्यायची वेदनाशामके आणि चिठ्ठीशिवाय मिळणारी कर्णौषधे यांचा विचार या नोंदीत केला आहे. ‘कानाचा संसर्ग’ या एका नावाखाली दोन वेगळे विकार येतात. कर्णनलिकेच्या त्वचेचा दाह म्हणजे बाह्यकर्णशोथ, आणि पडद्यामागील पोकळीचा दाह म्हणजे मध्यकर्णशोथ. पडदा शाबूत असेल तर वरून घातलेला थेंब मध्यकर्णात पोहोचत नाही. पडदा फुटलेला असेल तर तो पोहोचतो, पण मग तेल, अल्कोहोल किंवा आम्ल नाजूक अंतःकर्णाच्या दाराशी जाऊन बसते. पडद्याची स्थिती कर्णदर्शकाशिवाय (कानात पाहण्याच्या प्रकाशयुक्त उपकरणाशिवाय) दिसत नाही. म्हणून घरगुती उपचारांत पोटातून घ्यायचे वेदनाशामक हाच मुख्य आधार ठरतो आणि कानात काही घालणे दुय्यम राहते.

ओळख. प्रौढाची कर्णनलिका सुमारे २·५ सेंमी. लांब व किंचित वळणदार असते. तिच्या बाहेरच्या कूर्चामय तृतीयांशात मळ तयार करणाऱ्या ग्रंथी असतात, तर आतील अस्थिमय भागावरची त्वचा अतिशय पातळ असते. कापसाच्या काडीने किंवा कानकोरण्याने पहिली इजा बहुधा याच भागाला होते. मळामुळे नलिका किंचित आम्लधर्मी व जलरोधक राहते. वारंवार पाणी जाण्याने किंवा कोरण्याने हे आवरण गेले की स्यूडोमोनास एरुजिनोसा आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे जीवाणू बळावतात. कानाच्या छिद्रापुढील लहान उंचवटा दाबल्यावर किंवा पाळी ओढल्यावर कळ आली, तर दाह बहुधा बाहेरच्या कानाचा असतो.

मध्यकर्णशोथात पाळी ओढल्याने वेदना फारशी वाढत नाही. आधी सर्दी झालेली असते, ताप असतो, कान गच्च वाटतो आणि आडवे झाल्यावर ठणका वाढतो. लहान मुलांची कंठकर्णनलिका, म्हणजे मध्यकर्णाला घशाशी जोडणारी नळी, आखूड व जवळजवळ आडवी असल्याने त्यांच्यात हा विकार अधिक दिसतो. स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिई, हीमोफिलस इन्फ्लुएंझी व मोराक्सेला कॅटारॅलिस हे त्याचे नेहमीचे जीवाणू होत. दाढ, टॉन्सिल किंवा जबड्याचा सांधा यांचे दुखणेही कानात जाणवते. अशा दुखण्यात थेंबांचा उपयोग नसतो.

मराठीतील ‘कान फुटला’ हा प्रयोग लक्षणाचे नेमके वर्णन करतो. साठलेल्या पुवाच्या दाबाने पडद्याला छिद्र पडते, पू वाहू लागतो आणि दाब सुटल्याने वेदना एकाएकी थांबते. तासाभरापूर्वी कानात तेल घातलेले असेल तर आरामाचे श्रेय तेलाला जाते आणि पुढच्या वेळी, छिद्र असतानाही, तेच तेल पुन्हा घातले जाते.

प्राचीन उल्लेख. चरकसंहितेत कर्णरोग चार मानले आहेत, तर सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अठ्ठावीस. कर्णशूल, कर्णस्राव, कर्णपाक (कान पिकणे) व पूतिकर्ण (दुर्गंधी पू वाहणे) हे त्यांतील संसर्गाशी जुळणारे प्रकार. आजच्या निदानांशी त्यांची एकास-एक सांगड घालण्याचा मोह मात्र टाळावा, कारण वर्गीकरण पडदा पाहून नव्हे तर लक्षणांवरून केलेले आहे. उत्तरतंत्राच्या काळाबद्दल एकमत नाही. मूळ संहितेनंतर जोडलेला भाग म्हणून त्याकडे पाहणारा पक्ष अधिक सबळ वाटतो. बाराव्या शतकाच्या सुमाराचा टीकाकार डल्हण संहितेच्या प्रतिसंस्काराचे, म्हणजे पुनर्संपादनाचे, श्रेय नागार्जुनाला देतो, पण हा नागार्जुन नेमका कोणता, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

कानात कोमट स्नेह (तेल, तूप असा स्निग्ध पदार्थ) भरून धरण्याच्या क्रियेला कर्णपूरण म्हणतात. साधारणतः सातव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या अष्टांगहृदयात त्याची रीत दिली आहे : कानाच्या मुळाशी चोळत राहावे आणि वेदना मवाळ होईपर्यंत स्नेह धरावा, वेदना नसल्यास शंभर मात्रा धरावा. मात्रा म्हणजे हात गुडघ्याभोवती एकदा फिरवण्याचा किंवा पापणी लवण्याचा काळ. ही दोन मापे जुळत नाहीत. पापणीच्या मापाने शंभर मात्रा अर्ध्या मिनिटाच्या आसपास भरतात, हाताच्या मापाने दीड मिनिटाच्याही पुढे जातात. दुखणाऱ्या कानासाठी ग्रंथाने मात्रांऐवजी वेदनेचाच निकष दिला असल्याने या वादाचा व्यवहारात फारसा परिणाम होत नाही. वाहणाऱ्या कानासाठी सुश्रुत धूपन (धुरी देणे), पूरण, पुसणे व धुणे हे उपाय ‘वीक्ष्य वीक्ष्य’, म्हणजे पाहून पाहून, योजायला सांगतो. तेलाचे नाव पुढे चालत आले आणि पाहण्याची अट मागे पडली, हे या परंपरेचे मोठे नुकसान आहे.

वेदनाशामके. मुलांना पॅरासिटामॉल दर कि.ग्रॅ. वजनामागे १० ते १५ मि.ग्रॅ., ४ ते ६ तासांच्या अंतराने आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त मात्रा न होता देतात. आयबुप्रोफेनचे प्रमाण कि.ग्रॅ.मागे ५ ते १० मि.ग्रॅ., ६ ते ८ तासांनी. सहा महिन्यांखालील बाळाला ते डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये. उलट्या-जुलाबांनी शरीर कोरडे पडले असताना किंवा कांजिण्या असताना ते टाळावे. प्रौढांसाठी पॅरासिटामॉल एका वेळी ५०० ते १,००० मि.ग्रॅ. व दिवसाला कमाल ४ ग्रॅम. यकृताचा विकार असल्यास याहून कमी. सोळा वर्षांखालील मुलांना ॲस्पिरिन देऊ नये, कारण त्याचा राय लक्षणसमूहाशी, म्हणजे मेंदू व यकृताला इजा करणाऱ्या दुर्मिळ विकाराशी, संबंध आहे.

चूक होते ती बहुधा बाटलीच्या तीव्रतेत. १० कि.ग्रॅ. वजनाच्या मुलाला १०० ते १५० मि.ग्रॅ. पॅरासिटामॉल लागते. ५ मि.लि.मध्ये १२५ मि.ग्रॅ. असलेल्या औषधाचे ते ४ ते ६ मि.लि. होते, ५ मि.लि.मध्ये २५० मि.ग्रॅ. असलेल्याचे २ ते ३ मि.लि., आणि १ मि.लि.मध्ये १०० मि.ग्रॅ. असलेल्या थेंबांचे फक्त १ ते १·५ मि.लि. ‘एक चमचा’ या सवयीने हेच थेंब ५ मि.लि. दिले तर ५०० मि.ग्रॅ. पोटात जातात, म्हणजे योग्य मात्रेच्या तिप्पट ते पाचपट. मापासाठी स्वयंपाकघरातला चमचा न घेता औषधासोबतची पिचकारी किंवा मापटोपी वापरावी. सर्दीच्या संयुक्त औषधांतही पॅरासिटामॉल असू शकते, म्हणून ती सोबत चालू असल्यास लेबल वाचणे आवश्यक आहे.

शेक. कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेले कापड कानाच्या पाळीवर व मागे १० ते १५ मिनिटे धरावे. मनगटाच्या आतल्या बाजूला सुखद वाटेल इतकीच उष्णता असावी. झोपलेल्या बाळाजवळ गरम पिशवी ठेवू नये. कान वाहत असेल तर शेकाचे पाणी आत जाऊ न देणे महत्त्वाचे.

थेंब घालण्याची रीत. बाटली दोन मिनिटे मुठीत धरून अंगाच्या तपमानाला आणावी. थंड किंवा गरम द्रव अंतःकर्णातील तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकांतील द्रवाला प्रवाह देतो आणि भोवळ आणतो. रॉबर्ट बारानी यांनी याच परिणामाच्या अभ्यासातून कर्णेंद्रियाची उष्मा-चाचणी उभी केली आणि त्यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुखरा कान वर करून कुशीवर झोपावे. प्रौढाची पाळी वर व मागे, लहान मुलाची खाली व मागे ओढली की नलिका सरळ होते. थेंब मधोमध न टाकता भिंतीवरून सोडावेत, म्हणजे हवा अडकत नाही. छिद्रापुढील उंचवटा काही वेळा हलकेच दाबावा व ३ ते ५ मिनिटे तसेच पडून राहावे. नलिका सुजून बंद झाली असेल तर थेंब बाहेरच ओघळतात. अशा वेळी थेंब आत नेण्यासाठी कानात वात बसवणे हे डॉक्टरांचे काम.

तेल व वनस्पती. शुद्ध ऑलिव्ह तेल मळ मऊ करते. संसर्ग बरा करत नाही. लसूण व अन्य वनस्पतींच्या तेली थेंबांवर इस्रायलमध्ये झालेल्या दोन चाचण्या २००१ व २००३ साली प्रसिद्ध झाल्या. थेंबांनी वेदना उतरली, पण ती संवेदनाहारी (बधिर करणाऱ्या) थेंबांच्या गटातही उतरली, आणि उपचारच न दिलेला गट तुलनेला नव्हता. वेदना दोन-तीन दिवसांत बहुतांशी आपोआप ओसरते, असे संशोधकांनीच नोंदवले. ठेचलेली लसूण घरी तेलात उकळून कानात घालणे मात्र वाईट. तिच्या रसाने त्वचा भाजते, द्रावण निर्जंतुक नसते आणि तेलाचा थर राहिल्याने पडदा तपासणे कठीण होते.

आम्ल व अल्कोहोल. सौम्य ॲसिटिक आम्लामुळे स्यूडोमोनास व बुरशी यांची वाढ रोखली जाते. काही देशांत २ टक्के ॲसिटिक आम्लाचा फवारा सौम्य बाह्यकर्णशोथासाठी चिठ्ठीशिवाय मिळतो. एकोणिसाव्या शतकात कार्ल आउगुस्ट फोन बुरो यांनी रूढ केलेले ॲल्युमिनियम ॲसिटेटचे द्रावण याच कुळातले. पांढरा व्हिनेगर व आयसोप्रोपिल अल्कोहोल समभाग घेऊन पोहल्यानंतर काही थेंब घालण्याचा उपाय प्रतिबंधासाठी आहे, उपचारासाठी नाही. पडदा फाटलेला, कानात नळी बसवलेली किंवा त्वचा सोललेली असेल तर तो वर्ज्य. घातल्यावर तीव्र आग झाली तर लगेच थांबावे.

निरुपयोगी व अपायकारक उपाय. ६·५ टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड व ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मळासाठी आहेत. संसर्गात ते नलिका ओली ठेवून बुरशीला वाव देतात. बेंझोकेन व अँटिपायरिनयुक्त काही मान्यताविरहित वेदनाहारी थेंबांवर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ साली कारवाई जाहीर केली. सर्दीवरची रक्तसंकोचके (चोंदलेले नाक मोकळे करणारी औषधे) व हिस्टामिनरोधके (ॲलर्जीवरची औषधे) यांनी मध्यकर्णशोथ लवकर बरा होत नाही.

कर्णमेणबत्ती, म्हणजे मेणात बुडवलेली कापडाची पोकळ नळी कानात उभी करून पेटवणे. हिचा उगम उत्तर अमेरिकेतील होपी लोकांशी जोडला जातो, परंतु होपींनी स्वतः तो नाकारला आहे. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिच्यामुळे कोणतेही शोषण होत नसल्याचे आढळले, आणि काही कानांत उलट मेणच साचले. भाजणे व पडदा फाटणे यांच्याही नोंदी आहेत.

कानाची बुरशी प्रामुख्याने खाज व काळे-पांढरे कण यांनी ओळखू येते. प्रतिजैविक थेंब वारंवार घातल्याने ती वाढते.

थांबावे किती. मध्यकर्णशोथ झालेल्या मुलांपैकी सुमारे ६० टक्के मुले प्रतिजैविकाविना पहिल्या २४ तासांत वेदनामुक्त होतात. म्हणून दोन वर्षांवरील, सौम्य लक्षणे असलेल्या मुलांत वेदनाशामक देत ४८ ते ७२ तास निरीक्षण करण्याची पद्धत मान्य आहे. हा निर्णय मुलाला तपासून घेतात. सहा महिन्यांखालील बाळ, ३९° से. किंवा अधिक ताप, ४८ तासांवर टिकलेली वेदना किंवा वाहता कान असेल तर घरी वाट पाहू नये. कानामागची लाल सूज व पुढे ढकललेली पाळी, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे, भोवळ, मान आखडणे किंवा गुंगी आल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मधुमेही वृद्धाचा रात्री झोपू न देणारा कानठणका कवटीच्या हाडापर्यंत गेलेल्या बाह्यकर्णशोथाचा असू शकतो. त्यावर घरगुती उपाय करत दिवस घालवणे जिवावर बेतते.

बाह्यकर्णशोथात ७ ते १० दिवस कान कोरडा ठेवावा. आंघोळीच्या वेळी पेट्रोलियम जेली लावलेला कापूस छिद्राच्या तोंडाशीच ठेवावा, आत खुपसू नये, व नंतर काढून टाकावा. मध्यकर्णशोथ उतरल्यावरही पडद्यामागे द्रव काही आठवडे राहतो व ऐकू कमी येते. हे तीन महिन्यांपलीकडे टिकले तर श्रवणचाचणी करून घ्यावी.