ड जीवनसत्त्व आणि कर्करोग: पेशीतला ब्रेक

सेड्रिक आणि फ्रँक गारलँड या बंधूंनी १९८० साली दाखवून दिले, की अमेरिकेच्या ज्या भागांत ऊन कमी पडते तेथे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अधिक असतात, आणि यामागे ड जीवनसत्त्व असावे असा तर्क त्यांनी मांडला. त्या तर्काचे पुढे ‘गोळी घ्या, कर्करोग टाळा’ असे झाले, हे मात्र विज्ञानापेक्षा जाहिरातीचे कर्तृत्व.

तर्काला आधार नव्हता असे नाही. त्वचेत तयार झालेले ड जीवनसत्त्व यकृतात आणि नंतर मूत्रपिंडात एकेक हायड्रॉक्सिल गट स्वीकारून कॅल्सिट्रिऑल बनते. हे खरे तर संप्रेरकच आहे. पेशीत शिरून ते आपल्या ग्राहक प्रथिनाला चिकटते. ते प्रथिन आरएक्सआर नावाच्या जोडीदारासह डीएनएच्या ठराविक जागी बसते आणि काही जनुकांचे काम वाढवते, तर काहींचे रोखते. काम वाढणाऱ्यांपैकी पी-२१ हे जनुक मला विशेष मोलाचे वाटते, कारण त्याचे प्रथिन पेशीविभाजनाला चालना देणाऱ्या विकरांना लगाम घालते आणि डीएनएची नक्कल सुरू होण्याआधीच पेशी थबकते. १९८१ साली जपानी संशोधकांनी उंदराच्या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींना कॅल्सिट्रिऑल दिले, तेव्हा बेबंद वाढणाऱ्या त्या पेशी चक्क जंतू गिळणाऱ्या भक्षकपेशींसारख्या वागू लागल्या.

काचेच्या बशीत हे जमते, शरीरात अडते. गोळ्या वाढवल्या तरी रक्तातले कॅल्सिट्रिऑल मूत्रपिंड काटेकोर मर्यादेत ठेवते. थेट कॅल्सिट्रिऑलच भरपूर दिले, तर रक्तातले कॅल्शियम धोकादायक पातळीला जाते. शिवाय काही गाठी कॅल्सिट्रिऑलचे विघटन करणारे सीवायपी-२४-ए-१ हे विकर स्वतःच मुबलक बनवतात, म्हणजे ब्रेक लावणारा पायच बाजूला सारतात.

अमेरिकेतील व्हायटल चाचणीत २५,८७१ जणांपैकी निम्म्यांना रोज २००० एकक ड जीवनसत्त्व आणि इतरांना निष्क्रिय गोळी दिली गेली. सरासरी पाच वर्षांनंतरही दोन्ही गटांत नव्याने कर्करोग होण्याचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. पहिली दोन वर्षे वगळून पाहिल्यास कर्करोगाने होणारे मृत्यू मात्र काहीसे कमी दिसले, आणि खरी उत्सुकता तेथे आहे. उपचारांच्या बाबतीत, मोठ्या आतड्याचा कर्करोग शरीरात पसरलेल्या १३९ रुग्णांच्या सनशाइन चाचणीत केमोथेरपीबरोबर ड जीवनसत्त्वाची मोठी मात्रा घेणाऱ्यांचा आजार बळावण्यास साधारण १३ महिने लागले, तर नेहमीची मात्रा घेणाऱ्यांचा ११; पण एवढ्या थोड्या रुग्णांत हा फरक योगायोगाचाही असू शकतो.