बटण दाबून धरणारा माणूस

मोबाइलच्या जमान्यातही अमेरिकेतल्या अनेक मालट्रकांच्या केबिनमध्ये एक छोटा रेडिओ संच टिकून आहे: सिटिझन्स बँड, म्हणजेच सीबी. तो बहुधा १९ नंबरच्या चॅनेलवर लावलेला असतो. पुढे अपघात झालाय का, घाटात बर्फ पडतोय का, कुठल्या लेनमध्ये काम चालू आहे, हे ड्रायव्हर एकमेकांना त्यावरून सांगतात. आणि याच चॅनेलवर मधूनच एक प्रकार घडतो. नेहमीची खरखर एकाएकी थांबते, सिग्नल दाखवणारा काटा वर चढतो, पण आवाज मात्र कसलाच येत नाही. कुठेतरी एक माणूस माइकचं बटण दाबून नुसता बसलेला असतो. ट्रकवाले याला ‘डेड की’ म्हणतात. तो एक शब्दही बोलत नाही, तरी त्याचा अंगठा बटणावर आहे तोवर आसपासच्या कोणालाच धड बोलता येत नाही. दुसरा कोणी गाणी वाजवतो, तिसरा शिव्यांचं रेकॉर्डिंग लावतो, पण सगळ्यात प्रभावी उपद्रव हा मुक्याचाच.

यामागचं भौतिकशास्त्र समजून घेण्यासारखं आहे, कारण ते आपल्या सहज अंदाजाच्या उलट जातं. चॅनेल बंद पाडायला फार ताकद लागत नाही. ताकद लागते ती ऐकू जाण्यासाठी.

आधी थोडा इतिहास. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे एफसीसीने, १९५८ मध्ये २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा सामान्य नागरिकांसाठी खुला केला. परीक्षा नाही, तांत्रिक ज्ञानाची अट नाही, फक्त साधा परवाना. १९७३ च्या तेलसंकटानंतर डिझेल मिळेनासं झालं, महामार्गांवर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली, आणि पंप कुठे उघडा आहे, पोलीस कुठे उभे आहेत हे सांगायला ट्रकवाल्यांनी सीबी हाताशी धरला. बघता बघता सगळा देश त्यावर बोलू लागला. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांचंही सीबीवर ‘फर्स्ट मामा’ हे टोपणनाव होतं. १९७७ मध्ये चॅनेल २३ वरून ४० झाले. परवान्यांचा पसारा आवरेना, तेव्हा १९८३ मध्ये परवानाच रद्द झाला. त्याबरोबर प्रत्येकाला आपलं संकेतनाम सांगायला लावणारी व्यवस्थाही गेली. बोलणारा कोण, हे कळण्याचा अधिकृत मार्ग तिथे संपला.

आता त्या मुक्या सिग्नलकडे वळू. सीबीचे बहुतेक संच एएम पद्धतीने चालतात. यात एक स्थिर वाहक लहर असते आणि आवाजानुसार तिची उंची कमीजास्त होते. कायद्याने या वाहक लहरीला ४ वॅटची मर्यादा आहे. आवाज पूर्ण क्षमतेने भरला तरी त्याच्या वाट्याला येणारी ज्यादा शक्ती असते फार तर २ वॅट. म्हणजे बोलणाऱ्याची बरीचशी ताकद ज्या लहरीवर खर्च होते, तिच्यात माहिती नसतेच. बोलणाऱ्यासाठी ते ओझं. अडथळा आणणाऱ्यासाठी तेच हत्यार. रिसीव्हरमध्ये आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारं एक मंडल असतं. जोरदार वाहक लहर आली की ते रिसीव्हरची संवेदनशीलता खाली ओढतं. डेड की सुरू झाल्यावर खरखर थांबते ती यामुळे. आणि खरखरीसोबत दूरवरच्या क्षीण आवाजालाही ते दाबून टाकतं.

दुसरी गोष्ट याहून वाईट. दोन संच एकाच चॅनेलवर असले तरी त्यांची वारंवारता तंतोतंत सारखी नसते. अमेरिकी नियम दहा लाखांत ५० भागांची चूक चालवून घेतो. २७ मेगाहर्ट्झवर ही चूक साधारण १३५० हर्ट्झ भरते. एक संच किंचित वर, दुसरा किंचित खाली असला, तर रिसीव्हरमध्ये या दोन लहरींच्या फरकाची एक नवीच लहर तयार होते आणि ती नेमकी माणसाच्या कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात पडते. कर्कश शीळ वाजते. ती कोणीच पाठवलेली नसते, दोन लहरींच्या भेटीतून ती जन्मते. मूळ सिग्नलच्या शंभराव्या हिश्श्याएवढी क्षीण वाहक लहरसुद्धा अशी शीळ स्पष्ट ऐकवू शकते. त्या ताकदीवर बोललेलं वाक्य कोणाला कळलं नसतं, पण दुसऱ्याचं वाक्य बिघडवायला ती पुरते.

या शिळेने काय होऊ शकतं याचा सर्वांत भयंकर दाखला सीबीवरचा नाही. विमानांचा रेडिओही एएमच असतो. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांमधल्या टेनेरीफच्या विमानतळावर दाट धुकं होतं. केएलएम या डच कंपनीचं जंबो विमान धावपट्टीच्या टोकाशी होतं, आणि पॅन ॲम या अमेरिकी कंपनीचं जंबो त्याच धावपट्टीवर अजून चालत होतं. केएलएमच्या वैमानिकांना नियंत्रकाचा ‘ओके’ ऐकू आला. त्यापुढे नियंत्रक म्हणाला, थांबा, मी सांगेन. त्याच क्षणी पॅन ॲमकडूनही संदेश गेला की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोघांनी एकदम बटण दाबलं होतं. केएलएमच्या कॉकपिटमध्ये या दोन वाक्यांच्या जागी काही सेकंदांची शीळ उमटली. विमान धावत राहिलं. ५८३ माणसं गेली. या अपघाताला इतरही कारणं होती आणि इथे कोणाचाही हेतू वाईट नव्हता. पण ‘नुसतं बटणच तर दाबलं’ असं म्हणणाऱ्या कुणालाही मी हा प्रसंग सांगेन.

सीबीवर साहजिकच पहिली प्रतिक्रिया असते, आपण आपली ताकद वाढवू. त्यासाठी ‘लिनियर’ नावाचा बेकायदा ॲम्प्लिफायर संचाला जोडतात आणि ४ वॅटचे ४०० वॅट करतात. हिशेब करून पाहा. सिग्नल मोजण्याच्या एस-मापावर एक पायरी चढायला चौपट शक्ती लागते, त्यामुळे शंभरपट शक्तीने काटा जेमतेम तीन पायऱ्या चढतो. जमिनीलगत सिग्नल अंतराबरोबर झपाट्याने पडतो. अंतर दुप्पट झालं की शक्ती सोळाव्या हिश्श्याच्या आसपास उरते. म्हणजे शंभरपट वीज खर्चून पल्ला वाढतो तो साधारण तिप्पट. उलट, त्रास देणारा तुमच्या मित्रापेक्षा दहापट जवळ असला तर साध्या ४ वॅटच्या संचानेही तो हजारोपट बलवान ठरतो. या शर्यतीत जवळ असणारा जिंकतो, आणि जवळ जायला पैसे पडत नाहीत.

शर्यतीची खरी किंमत भलतेच लोक मोजतात. स्वस्त लिनियर सिग्नलचा आकार बिघडवतो, मग आवाज शेजारच्या चॅनेलांत सांडतो आणि मूळ वारंवारतेच्या दुप्पट-तिप्पट ठिकाणीही कचरा उमटतो. २७ ची दुप्पट ५४. अमेरिकेत ५४ ते ६० मेगाहर्ट्झ हा टीव्हीचा दुसरा चॅनेल होता. गल्लीतल्या एकाने लिनियर चालू केला की शेजाऱ्यांच्या पडद्यावर आडव्या पट्ट्या नाचत. एफसीसीने १९७८ मध्ये अशा ॲम्प्लिफायरांच्या निर्मितीवर आणि विक्रीवर बंधनं घातली, तरी ते मिळत राहिले. माझ्या मते सीबीचं सर्वाधिक नुकसान मुद्दाम त्रास देणाऱ्यांनी केलेलं नाही. फक्त आपलं बोलणं लांब जावं म्हणून ताकद वाढवणाऱ्यांनी ते केलं. ज्या वर्तुळात तुमचं बोलणं कळतं, त्याहून ज्या वर्तुळात तुमची शीळ ऐकू येते ते कितीतरी मोठं असतं. ताकद वाढवली की दोन्ही वाढतात आणि मोठं वर्तुळ अनोळखी माणसांच्या डोक्यावर पसरतं.

सूर्यही यात भाग घेतो. दर अकरा वर्षांच्या सुमारास सौरडागांचं चक्र शिखरावर येतं, तेव्हा वातावरणाच्या वरच्या थरातलं आयनांबर २७ मेगाहर्ट्झच्या लहरींनाही खाली वळवू लागतं. मग दोन-तीन हजार किलोमीटरवरची गर्दी तुमच्या गावच्या चॅनेलवर येऊन कोसळते. सीबीवर अडीचशे किलोमीटरपलीकडे बोलण्यास अमेरिकेत कित्येक वर्षं बंदी होती. निसर्ग ती पाळत नव्हता. २०१७ मध्ये नियमातूनही ती काढून टाकली.

या शिळेवर एफएम हा एक मार्ग आहे. त्यात आवाजानुसार लहरीची उंची नव्हे, वारंवारता बदलते. ब्रिटनने २ नोव्हेंबर १९८१ ला सीबी कायदेशीर केला तो एफएमवरच, कारण त्याआधी चोरून आणलेले अमेरिकी एएम संच रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांच्या हौशी मंडळींना छळत होते. एफएमचा रिसीव्हर दोन सिग्नलांतला बलवान तेवढा पकडतो, दुबळा जवळजवळ नाहीसा होतो, शीळ वाजत नाही. अमेरिकेनेही २०२१ मध्ये सीबीवर एफएमला परवानगी दिली. दूरचा उपद्रव यामुळे नक्की कमी होतो. मात्र त्रास देणारा जवळ असेल तर एफएमवर तो तुमचा मित्र पूर्ण पुसून टाकतो, आणि मित्र बोलत होता हेसुद्धा तुम्हाला कळत नाही. विमानांचा रेडिओ एएमवर राहण्याचं एक कारण हेच मानलं जातं. तिथे निदान दोघे एकदम बोलले हे कळतं तरी.

भारतात हा पट्टा २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ इतका आहे. २००५ च्या नियमांनुसार ५ वॅटपर्यंतचा, अंगचाच ॲन्टेना असलेला संच त्यावर परवान्याशिवाय वापरता येतो. ही ॲन्टेनाची अट फार मोठी आहे. या पट्ट्यातल्या सुमारे ११ मीटर लांबीच्या लहरीला नीट काम करायला पावणेतीन मीटरची दांडी हवी, जी अमेरिकी ट्रकवर डौलाने उभी असते. हातातल्या संचाची छोटी दांडी बरीच शक्ती वाया घालवते. पल्ला तोकडा, म्हणून उपद्रवही तोकडा. जॅमर, म्हणजे मुद्दाम सिग्नल अडवणारं यंत्र, वापरण्याची मुभा तर सरकारने खास परवानगी दिलेल्यांनाच आहे.

आता त्या माणसाला शोधायचं कसं? अडथळा आणण्यासाठी त्याला सिग्नल पाठवावाच लागतो, आणि प्रत्येक सिग्नल आपला पत्ता सोबत घेऊन येतो. हौशी रेडिओवाले याचा खेळ करतात, त्याला फॉक्स हंट म्हणतात. भारतातले हॅम, म्हणजे असेच हौशी रेडिओवाले, तो खेळतात. २७ मेगाहर्ट्झवर दिशादर्शक यागी ॲन्टेना हातात धरता येत नाही, तिच्या दांड्या साडेपाच मीटरच्या होतात. म्हणून तारेचं वेटोळं वापरतात. ते फिरवताना एका विशिष्ट दिशेला सिग्नल एकदम मावळतो. सिग्नल सर्वांत जोरात कुठे येतो ते ठरवणं कठीण, पण कुठे मावळतो हे अगदी नेमकं कळतं. नकाशावर ती रेघ ओढायची, दुसऱ्या ठिकाणी जाऊन पुन्हा मोजायचं. रेघा जिथे छेदतात तिथे तो. जवळ गेल्यावर नवी अडचण येते: सिग्नल इतका जोरदार होतो की रिसीव्हर गुदमरतो आणि सगळीकडून सारखाच ऐकू येतो. अशा वेळी जाणकार लोक तिप्पट वारंवारतेवर, ८१ मेगाहर्ट्झच्या आसपास, त्याच संचातून गळणारा क्षीण कचरा ऐकतात. तो दूर जात नाही, त्यामुळे ऐकू आला म्हणजे घर जवळ आलं, आणि त्या वारंवारतेचा ॲन्टेनाही एक तृतीयांश आकाराचा, हातात मावणारा. त्याच्या बेकायदा ताकदीनेच हा माग सोडलेला असतो.

घर सापडलं तरी दार ठोठावणं हे हौशी माणसाचं काम नाही. १९९० पासून अमेरिकी दूरसंचार कायद्याचं कलम ३३३ हेतुपुरस्सर अडथळ्याला बंदी करतं, पण कारवाई एफसीसीनेच करायची. सीबीच्या तक्रारींना तिथे क्वचितच अग्रक्रम मिळतो. विमानं, पोलीस आणि मोबाइलची जाळी आधी येतात. हे मला पटत नाही, कारण हिमवादळात मोबाइलचे टॉवर पडतात तेव्हा १९ नंबरच उरतो. तोवर वापरणाऱ्यांच्या हाती दोन गोष्टी आहेत. पहिली, उत्तर न देणं. बटण धरून बसलेल्या माणसाला समोरचा संताप ऐकायचा असतो, आणि तुम्ही बोललात की चॅनेलवर आणखी एक वाहक लहर वाढते. दुसरी, नोंद ठेवणं: किती वाजता सुरू झालं, किती वेळ चाललं, आपण कुठे होतो, काटा कुठवर चढला.

अशा नोंदी किती कामाच्या असतात हे फ्लोरिडातल्या मोबाइल जॅमरच्या प्रकरणात दिसलं. एका कंपनीच्या लक्षात आलं की आंतरराज्य महामार्ग ४ च्या एका पट्ट्यातले तिचे टॉवर रोज सकाळी आणि संध्याकाळी, लोकांच्या कामावर जाण्यायेण्याच्या वेळी बिघडतात. वेळ आणि जागा ठरलेली होती, म्हणून एफसीसीचे लोक दिशाशोधक यंत्रं घेऊन तिथे थांबले आणि सिग्नल एका गाडीतून येतोय हे त्यांनी ओळखलं. गाडी अडवायला शेरीफचे शिपाई जवळ गेले, तसा त्यांचा स्वतःचाच वॉकीटॉकी मुख्यालयाशी तुटला. इतर ड्रायव्हरांनी गाडी चालवताना फोनवर बोलू नये म्हणून आपण जॅमर ठेवला, असं त्या माणसाने सांगितलं. सीटच्या कव्हरमागे लपवलेलं ते यंत्र जवळजवळ दोन वर्षं चालू होतं, आणि तेवढा काळ त्या रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाचाही आपत्कालीन फोन त्याने अडवला असता. २०१४ मध्ये एफसीसीने त्याला ४८,००० डॉलरचा दंड प्रस्तावित केला.