कापडी पॅड

मासिक पाळीतला रक्तस्राव शोषून घेण्यासाठी वापरायचे आणि धुऊन पुन्हा वापरता येणारे शिवलेले पॅड. जुन्या सुती लुगड्याची किंवा धोतराची घडी घेण्याची पद्धत महाराष्ट्रात पूर्वापार आहे. शिवलेल्या पॅडमुळे त्या घडीला ठरावीक आकार, गळती अडवणारा थर आणि ती जागेवर धरून ठेवणारे पंख मिळाले. भारतीय मानक ब्यूरोने अशा पॅडसाठी २०२१ मध्ये आयएस १७५१४ हे मानक काढले.

रचना

पॅडला तीन थर असतात. अंगाला लागणारा थर मऊ सुती कापडाचा किंवा फलालीनचा, मधला शोषक थर फलालीनच्या किंवा टर्किश टॉवेलच्या कापडाच्या चार ते सहा पदरांचा, तर तळाचा पाणी अडवणाऱ्या पीयूएल, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा पातळ थर चढवलेल्या कापडाचा. पंख चड्डीखाली दुमडून टिचबटणाने लावतात. दिवसाच्या पॅडची लांबी साधारण २५ सेंमी, रात्रीच्याची ३० सेंमी किंवा थोडी जास्त असते.

घरी शिवताना कापड आधी धुऊन, आटवून मगच कापावे. शोषक पदर फक्त वरच्या कापडाला शिवून घ्यावेत आणि तळाचा थर नंतर कडेने जोडावा. मधोमध आरपार शिलाई मारली, तर सुईच्या भोकांतून नेमके तिथेच गळते.

वापर

नव्या कापडात खळ असते, त्यामुळे ते सुरुवातीला पाणी झटकते. दोन-तीन धुण्यांनंतर ते नीट शोषू लागते. पॅड चार ते सहा तासांनी बदलावे, जास्त जात असेल तर त्याआधीच. रोज धुणे-वाळवणे जमत असेल, तर सहा ते आठ पॅड पुरतात. पावसाळ्यात दहा-बारा हाताशी असलेले बरे. बाहेर असताना वापरलेले पॅड आतल्या बाजूला दुमडून, टिचबटण लावून जलरोधक पिशवीत ठेवावे आणि घरी आल्यावर लगेच भिजवावे. पॅड एकमेकींत वाटून वापरू नये.

धुणे

आधी थंड पाणीच वापरावे. गरम पाण्याने रक्तातली प्रथिने गोठून धाग्यात बसतात आणि डाग पक्का होतो. अर्धा-एक तास भिजवून, लाल पाणी काढून टाकून साध्या साबणाने चोळावे व पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळावे. साबण आत राहिला तर कातडीला खाज सुटते. रात्रभर त्याच पाण्यात ठेवलेल्या पॅडला उग्र वास येऊ लागतो. कपडे मऊ करणारे द्रव्य धाग्यावर थर धरते, त्यामुळे पॅड शोषेनासे होते. ब्लीचने सूत आणि पीयूएल दोन्ही खराब होतात. स्वच्छ धुतल्यावरही राहिलेला फिकट डाग ही अस्वच्छता नव्हे.

वाळवणे

कापडी पॅडवर येणारे बहुतेक आक्षेप खरे तर वाळवण्यातल्या चुकीमुळे असतात. कुणाला दिसू नये म्हणून पॅड मोरीत, पलंगाखाली किंवा साडीच्या आड वाळत घातले जाते. तिथे वारा नाही, ऊन नाही. आतले पदर दमट राहतात आणि बुरशी धरते. वरून कोरडे लागले तरी मधला भाग दाबून पाहावा, गार लागला तर ते ओलेच आहे. अशा पॅडने खाज, पुरळ आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. उघड्या दोरीवर कडक ऊन मिळणे हे पॅडच्या दर्जाइतकेच महत्त्वाचे आहे, आणि ती जागा घरातल्या सगळ्यांनी मोकळेपणाने द्यायला हवी.

कोकणातल्या पावसात जाड शिवलेले पॅड दोन-दोन दिवस वाळत नाही. तिथे आतली घडी बाहेर काढता येईल असे पॅड निवडावे. पदर उलगडून पंख्याखाली टाकले की लवकर सुकतात, आणि पीयूएल नसलेल्या सुती घडीवर गरम इस्त्रीही फिरवता येते. पीयूएलवर मात्र इस्त्री लावू नये, तो थर वितळतो.

आयुष्य

नीट निगा राखली तर पॅड काही वर्षे टिकते. कापड विरळ झाले, तळाचा थर सुटला किंवा धुऊनही वास जात नसेल, तर ते बदलावे. टाकताना पीयूएल आणि टिचबटणे कापून वेगळी करावीत. उरलेले निव्वळ सुती कापड मातीत कुजते.