३९ फूट आणि ४३ फूट: पंचगंगेची इशारा पातळी कशासाठी, धोका पातळी कशासाठी

जुलैत पावसाने जोर धरला की कोल्हापुरात सकाळचा पहिला प्रश्न एकच, "पाणी किती झालं?" उत्तर पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ मोजलेल्या फुटांत मिळतं. त्यातले दोन आकडे सगळ्यांना पाठ आहेत: ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. तरीही ३९ ऐकून "अजून चार फूट आहेत की" म्हणत बसणारी आणि ४३ ला बोचकी बांधायला घेणारी घरं दरवर्षी दिसतात. घर सोडायचा आकडा ३९ चा आहे, हे त्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं.

इशारा पातळीला नदी पात्र सोडून शेतात पसरलेली असते. बंधारे पाण्याखाली गेलेले असतात, पण टेम्पो-ट्रॅक्टरला बाहेर पडायला वाट सहसा शिल्लक असते. म्हातारी माणसं, बाळंतिणी, डायलिसिसचे पेशंट याच वेळेत हलवायचे. आणि जनावरं. बोट आली तरी ती माणसांसाठी येते, म्हशीसाठी नाही. म्हैस चालत नेली तरी तिची वैरण न्यायला टेम्पो लागतो आणि टेम्पोला कोरडा रस्ता. प्रयाग चिखली, आंबेवाडीकडची जाणती माणसं म्हणूनच गोठा लवकर रिकामा करतात. शहरातही दसरा चौकाजवळच्या सुतारवाड्यात पाणी शिरू लागलं की तिथली कुटुंबं चित्रदुर्ग मठात हलवतात.

धोका पातळीला काम बदलतं. आता सामानाचा विचार सोडून फक्त माणसं बाहेर काढायची. मेन स्विच बंद, सिलिंडर बंद, आधार-रेशनकार्ड-सातबारा प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि गोठ्यात जनावर राहिलंच असेल तर त्याचं दावं सोडून द्यायचं. बांधलेलं जनावर जागच्या जागी बुडतं. यापुढे थांबलं तर भिस्त बोटीवर. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोटच उलटली आणि त्यात जीव गेले. बोटीची वाट बघत बसणं हा बेत होऊ शकत नाही.

४३ फुटांना सगळं शहर बुडतं असंही नाही. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, २०२१ ला ५६ च्या. त्यामुळे आपल्या उंबऱ्याला पाणी कितीला लागलं होतं, ते घरातल्या किंवा शेजारच्या जाणत्याला विचारून भिंतीवर लिहून ठेवा. तुमच्यासाठी खरी धोका पातळी तीच.

आकड्याइतकंच वेगाकडेही लक्ष हवं. इंचाइंचाने चढणारं ४० फूट आणि झपाट्याने चढणारं ३७ फूट यांत मला दुसऱ्याची जास्त भीती वाटते. राधानगरी धरणाचे सातही दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव भरला की ते आपोआप उघडतात. ते पाणी भोगावतीतून पंचगंगेत यायला काही तास लागतात. दरवाजे उघडल्याची बातमी आली आणि पाऊस थांबलेला नसेल, तर बंधाऱ्यावरचा आकडा बघत बसू नये.

सांगलीकरांचे आकडे वेगळे: आयर्विन पुलाजवळ इशारा ४० फूट, धोका ४५ फूट. शिरोळ तालुक्यात तर कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही बघाव्या लागतात, कारण नृसिंहवाडीला त्या एकत्र येतात. कोल्हापुरात पाणी उतरायला लागलं तरी तिथे लगेच उतरेल असं धरू नये.

अडकलात तर जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ किंवा ११२ लावा. गाव, गल्ली, माणसं किती आणि त्यांत आजारी कोण, एवढं आधी सांगा. मोबाइलची बॅटरी कधी संपेल त्याचा नेम नसतो.