गारवा खालून, भोक मात्र वर

डिसेंबर लागला की न्यू जर्सीतल्या नातेवाइकांचे फोन एकाच वळणावर येतात. गॅसचं बिल वाढलंय, सोफ्यावर बसलं की पायांना गार वारा लागतो, खिडक्या बदलाव्यात म्हणतोय. खिडक्या विकणाराही तेच सांगून गेलेला असतो. पण लाकडी सांगाड्याच्या त्या दुमजली घरांत उष्णतेची मोठी पळवाट बऱ्याचदा खिडकीत नसते. ती डोक्यावर असते, छपराखालच्या माळ्याच्या जमिनीत. ती बुजवायला फवारल्यावर फुगणाऱ्या फोमचे दोन-चार डबे आणि एक शनिवार पुरतो.

माळ्यावर ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंची जाड गादी, अंथरलेलं असतं, मग पळवाट कुठली? ग्लासवूल उष्णता अडवतं ते तंतूंमध्ये अडकलेल्या स्थिर हवेच्या जोरावर. त्यातून हवा वाहू लागली की त्याचा उपयोग झपाट्याने घटतो. थंडीत स्कूटरवर नुसत्या स्वेटरने भागत नाही, वरून विंडचीटर लागतं, तसंच हे.

हवा वाहते कशामुळे, हा माझा आवडता भाग. बाहेर उणे १० अंश सेल्सिअस आणि आत २० असेल, तर बाहेरच्या एक घनमीटर हवेचं वस्तुमान सुमारे १.३४ किलो, आतल्या हवेचं १.२० किलो. या १४० ग्रॅमच्या फरकाला गुरुत्वत्वरणाने आणि घराच्या उंचीने गुणा. ६ मीटर उंचीला सुमारे ८ पास्कल (पास्कल हे दाबाचं एकक) येतात. घराच्या साधारण मध्यावर आतला आणि बाहेरचा दाब सारखा असतो. त्या पातळीच्या वर आतली हवा बाहेर ढकलली जाते, खाली बाहेरची आत ओढली जाते. म्हणजे छताशी ४ पास्कल बाहेरच्या दिशेने, जमिनीशी ४ पास्कल आतल्या दिशेने. यालाच स्टॅक इफेक्ट म्हणतात. धुराडं चालतं ते याच तत्त्वावर.

४ पास्कल म्हणजे वातावरणाच्या दाबाचा जेमतेम पंचवीस हजारावा भाग. पण दाबफरकावरून वेग काढणाऱ्या बर्नुलीच्या समीकरणात घातला तर हवेचा वेग निघतो सेकंदाला अडीच मीटरच्या आसपास. भोकातून जाताना प्रवाह आकसतो, म्हणून ०.६ ने गुणायचं. १० सेंटिमीटर लांब-रुंद भोकातून सेकंदाला १५ लिटर गरम हवा निघून जाते. तिच्या जागी येणारी थंड हवा ३० अंशांनी तापवायला सुमारे ५५० वॅट लागतात. दिवसाला १३ युनिट, एका भोकापायी! हिशेब ढोबळ आहे, कारण भोक मोठं असेल तर ती समदाबाची पातळीच भोकाकडे सरकते.

गंमत त्या सरकण्यातच आहे. वरची भोकं बुजवली की पातळी खाली येते, जमिनीजवळचा दाबफरक घटतो आणि दाराला हातही न लावता पायाला लागणारा वारा कमी होतो. कागदावर खालच्या फटी बुजवूनही प्रवाह कमी होतो, हे खरं. पण वरची भोकं सहसा मोठी असतात, आणि तिथून निसटणारी दमट हवा छपराच्या थंड फळ्यांवर पाणी सोडते. मग बुरशी.

१९७० च्या दशकात न्यू जर्सीतल्याच ट्विन रिव्हर्स वसाहतीत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी घरं मोजली. गौतम दत्त त्यांच्यात होते. माळ्यातून जाणारी उष्णता गणितापेक्षा कितीतरी पट जास्त निघाली: हवा ग्लासवूलला वळसा घालून, धुराड्याभोवतीच्या फटींतून आणि शेजारच्या घराला लागून असलेल्या भिंतीच्या पोकळ ठोकळ्यांमधून वर जात होती.

तुमच्या घरातली भोकं शोधायला थर्मल कॅमेरा नसला तरी चालेल. ग्लासवूल उचलून बघा. जिथे ते काळपट झालंय तिथे खालून हवा येते, कारण ते वर्षानुवर्षं धूळ गाळत बसलेलं असतं. वायर आणि पाइप जिथून वर येतात तिथे फोम मारा, बारीक फटींना सीलंट, मोठ्या पोकळीवर फोमची शीट कापून कडा बंद करा. माळ्याच्या झाकणाला रबरी पट्टी लावा. मग ग्लासवूल परत पसरा. धुराड्याभोवती मात्र साधा फोम अजिबात नको. तिथे पत्रा आणि उष्णता सोसणारं सीलंट. छतात बसवलेले जुने दिवे तापतात, त्यांनाही फोमने गाडू नका. आणि माळ्यावर चकाकणारे खड्यांसारखे व्हर्मिक्युलाइटचे दाणे दिसले तर हात न लावता खाली या: माँटानातल्या लिबीच्या खाणीतल्या मालात अ‍ॅस्बेस्टॉस होतं. ती खाण १९९० मध्ये बंद झाली, माल अजून माळ्यांवर आहे.

"अंतराळ तंत्रज्ञानाचा" रंग लावा, घर उबदार होईल, अशा जाहिराती फिरतात. अर्धा मिलिमीटरचा थर फूटभर ग्लासवूलचं काम करणार असेल तर भौतिकशास्त्राची पुस्तकं रद्दीत घालायला हवीत. "घराला श्वास घेऊ द्यावा" हेही तसंच. ताजी हवा हवीच, पण ती पंख्याने, हवी तेवढी आणि हवी तिथून घ्यावी. घर तापवणारी गॅसची भट्टी आणि गीझर घरातलीच हवा वापरत असतील, तर फटी बुजवल्यावर त्यांचा धूर नीट बाहेर जातो का हे तंत्रज्ञाकडून तपासून घ्या, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा.

पुण्यात एसीच्या खोलीत हाच खेळ उलटा चालतो. आतली हवा जड, म्हणून ती दाराखालून निसटते आणि वरच्या फटींतून गरम हवा येते. उंची कमी, तापमानातला फरकही कमी, त्यामुळे नुकसान थोडं. तिथे दाराखालची रबरी पट्टी पहिली लावावी.